नामोरीने काही मागितलं नाही

२८ सप्टेंबर १९५८, रविवार

उजाडायच्या आत शाळेच्या पटांगणात मतदानाच्या रांगा लागल्या होत्या. बायकांची रांग पुरुषांच्या रांगेहून लांब आणि अर्थातच जास्त गोंगाटाची. दोनदा सांगितलं, गप्प उभ्या राहा, इथे बाजार भरलेला नाही. थोडा वेळ राहिल्या. यांतल्या बऱ्याच जणींची बाळंतपणं माझ्या हातची, म्हणून एवढं तरी ऐकतात.

पडद्याआड गेले आणि ‘नाही’चा कागद टाकला. फ्रान्सच्या छत्राखाली राहायचं नाही. बाहेर आले आणि मग हिशेब मांडला. उद्या ते खरोखरच निघून गेले तर प्रसूतिगृहाचं काय? डॉक्टर त्यांचा, मेट्रन मादाम मोरेल त्यांच्या, औषधं त्यांच्या जहाजातून येतात. हे सगळं पडद्याआड जायच्या आधीही मला ठाऊक होतंच. तरी हात ‘नाही’कडेच गेला.

पलीकडच्या रांगेतून नामोरी शिंपी ओरडला, “अरे, या कोंदेला मत द्यायला कुणी सोडलं? ही तर आम्हा त्राओरेंची गुलाम! चवळीखाऊंना कधीपासून मत मिळायला लागलं?”

सगळी रांग हसली. कोंदे-त्राओरेंची ही थट्टा गावाला जुनीच. मी नेहमीप्रमाणे “बरे आहात ना, त्राओरे?” एवढंच म्हटलं आणि दवाखान्याचा रस्ता धरला.

२ ऑक्टोबर

आजपासून आपण स्वतंत्र. दुपारपासून ढोल वाजताहेत. मला एक आडवं मूल वळवायचं होतं, त्यामुळे स्वातंत्र्य खिडकीतूनच ऐकलं. मुलगी झाली, आई सुखरूप, अल्लाचे आभार. बाळंतीण म्हणाली, हिचं नावच ‘स्वातंत्र्य’ ठेवते. मी म्हटलं, बाई गं, दारात उभं राहून हाक मारता येईल असं काहीतरी ठेव.

९ ऑक्टोबर

हुकूम आला. डॉक्टर, मादाम मोरेल, सगळ्यांनी निघायचं. शेवटची गाडी २९ नोव्हेंबरला, पुढे बंदरातून जहाज.

मादामनी मला खोलीत बोलावून दार लोटलं. म्हणाल्या, “माकूरा, तुझी नोकरी आमच्या खात्यातली आहे. तुला डाकारला बदली मिळेल. मी बोलून ठेवलंय. माझ्याबरोबर चल.”

डाकारला माझी साराँ आहे, एकुलती एक. जावई तिथे रेल्वेत आहे. साराँला जानेवारीत पहिलं मूल होईल. इतक्या बायांची बाळंतपणं केली आणि स्वतःच्या लेकीचं चुकणार, हे उन्हाळ्यापासून मनाला खात होतं. आज कुणीतरी ताटात वाढून दिल्यासारखं झालं. मी मादामचे दोन्ही हात धरले. मी कुणाचे हात धरत नाही.

“विचार करून सांगते,” म्हटलं. विचार करण्यासारखं खरं तर काही नाही.

१४ ऑक्टोबर

खोकी भरली जाताहेत. आधी चिमटे आणि सूक्ष्मदर्शक गेलं. मग चादरी, मग दिव्यांच्या काचा. आज एक माणूस दाराच्या कड्या काढायला आला, तेव्हा मी विचारलं, “या कड्या कुठल्या दाराला लावणार?” तो म्हणाला, “हुकूम आहे.” मादाम खाली मान घालून उभ्या होत्या. त्यांना लाज वाटत होती, हे मला दिसत होतं. त्यांनी माझं लाकडी नळकांडं, पोटाला लावून बाळाचे ठोके ऐकायचं, खोक्यातून काढून मुकाट्याने माझ्या टेबलावर ठेवलं. याबद्दल मी त्यांची ऋणी आहे आणि तसं लिहून ठेवते.

मी गेल्यावर इथे कुणीतरी लागेल, म्हणून फान्ताला शिकवायला घेतलं आहे. फान्ता आजवर झाडलोट करत आली. हात कोपरापर्यंत धुवायचे, हे सांगून सांगून माझा घसा बसला. सांगितलं, मूल बाहेर आलं की आधी ते पुसायचं, गुंडाळायचं, मग बाळंतिणीचं बघायचं, नातेवाईक शेवटी. ते दारावर डोकं आपटोत, थांबतील. ती मान डोलावते आणि दुसऱ्या दिवशी विसरते. हिच्याने होणार नाही.

२३ ऑक्टोबर

नामोरी आला. पिठाच्या पोत्यांच्या चादरी शिवून आणल्या होत्या, उकळून, उन्हात वाळवून, दुहेरी दुमडून. कुणी सांगितलं होतं कोण जाणे. दारातूनच त्याने सुरू केलं, “घे गं गुलामा, मालकाने पांघरूण पाठवलंय. चवळी खाऊन झोपलीस तर फाटणार नाही इतकं जाड आहे.”

मादामनी ऐकलं. तो गेल्यावर त्या लाल झाल्या होत्या. “हा माणूस तुला गुलाम म्हणतो? आणि तू ऐकून घेतेस?”

समजावताना माझ्या नाकी नऊ आले. कोंदे आणि त्राओरे ही थट्टेची कुळं, पूर्वजांनी घालून दिलेलं नातं. एकमेकांना वाटेल ते बोलायचं, राग धरायचा नाही. भांडण लागलं तर एकाने दुसऱ्याचं सोडवायचं. आणि एकाने खरोखर मनापासून काही मागितलं, तर दुसऱ्याला नाही म्हणता येत नाही.

“काहीही मागितलं तरी?”

“काहीही.”

“मग तर हे फार धोक्याचं आहे,” मादाम म्हणाल्या.

मला धोक्यापेक्षा पोरकटपणाच जास्त वाटतो. डाकारहून शिकून आले तेव्हापासून तो मला शिव्या देतोय आणि मी त्याला ‘अहो’ म्हणतेय. पण चादरी उत्तम आहेत. शिवण सरळ, कड पक्की.

२७ ऑक्टोबर

बाजारातून येताना पाहिलं. हाजा नानकोरिया नामोरीच्या ओट्यावर बसली होती. बाजारातल्या सगळ्या बायका जिच्या शब्दावर चालतात ती हाजा. पुढ्यात पानात बांधलेले कोला, मागणं घालताना नेतात ती कडू फळं. इमामसाहेबांची बायकोही होती. मला पाहून सगळे एकदम गप्प झाले. कुणाच्या तरी सोयरिकीचं चाललं असावं. हंगामच आहे.

४ नोव्हेंबर

नामोरी खिडक्यांना पडदे लावायला आला होता. गावात आता सगळ्यांना कळलंच आहे, तेव्हा मीच सांगितलं, “त्राओरे, मी एकोणतीसच्या गाडीने जाते आहे.”

वाटलं, हा आता मागणार. आणि याने मागितलं की झालं, मला राहावं लागेल. साराँलाही सांगता येईल, पोरी, माझा नाइलाज झाला, त्राओरेने मागितलं. उत्तर काय द्यायचं तेही मी मनात जुळवून ठेवलं होतं.

तो म्हणाला, “छान! गाडीवाल्यांना सांगून ठेव, चवळीचं एक पोतं जास्त चढेल. प्रवासाला झगा शिवायचाय का?”

“शिवा,” म्हटलं.

त्याने फीतही काढली नाही. लांबून एकदा पाहिलं आणि गेला. इतकी वर्षं सकाळ-संध्याकाळ तोंड वाजवणारा माणूस, आणि ‘जाऊ नकोस’ एवढे दोन शब्द त्याच्या तोंडून निघू नयेत! न निघोत. माझी जायची तयारी आहेच.

१६ नोव्हेंबर

डॉक्टर गेल्या आठवड्यात गेले. आज जुळं आलं, आणि दुसरं मूल पायाळू. पहिला मुलगा बाहेर येताच कळा थांबल्या. डॉक्टर असते तर मी त्यांना हाक मारली असती. आज हाक मारायला कुणी नव्हतं. हात आत घातला, मूल धरलं, डोळे मिटले आणि बोटांना जे दिसलं त्यावर भरवसा ठेवला. मूल निळं होतं. फान्ताने ते माझ्या हातून घेतलं, उलटं धरून पाठ चोळत राहिली. मी काही सांगायच्या आत. आणि ते रडलं.

त्यानंतर रक्त थांबेना. पण अल्लाची खरोखर कृपा. नेमक्या त्याच वेळी बाजारातल्या बायका अंगणातून चालल्या होत्या. एकीजवळ पेटती शेगडी, एकीच्या डोक्यावर उकळलेल्या पाण्याची घागर, तिसरीजवळ स्वच्छ फडक्यांची चळत. असा योगायोग! परवाही असंच झालं होतं, तेव्हा त्यांतल्या दोघी सावलीत चटई टाकून भाजी निवडत बसल्या होत्या. त्यांना म्हटलं, दवाखान्याचं अंगण म्हणजे तुमचा ओटा नव्हे. “हो बाई,” म्हणाल्या आणि तिथेच बसून राहिल्या.

बाळंतीण वाचली. तिच्या आईने माझे गुडघे धरले. म्हणाली, “पुढच्या खेपेलाही तुमच्याच हातून होऊ दे.” मी हात धुवायला गेले.

२० नोव्हेंबर

फान्ताने आज एकटीने बाळंतपण केलं. मी पाठीमागे हात बांधून उभी होते. दोन चुका केल्या. दोन्ही तिच्या तिलाच कळल्या. अजून कच्ची आहे. चार महिने मिळाले असते तर…

ते मिळणार नाहीत. इथवर तरी आली, याचेच आभार.

२५ नोव्हेंबर

झगा आला. निळा, गळ्याला पांढरं भरतकाम. इतकं सुरेख काम त्याच्या हातून मी कधी पाहिलं नव्हतं. मी काही बोलायच्या आत तो म्हणाला, “बाजूला शिवण सोडून ठेवलीय गं. डाकारला चवळी स्वस्त आहे म्हणतात.”

माझा तोल गेला. “त्राओरे, तुम्हाला माझ्याजवळ काही मागायचं नाही का?”

तो थांबला. चेहऱ्यावरची थट्टा पुसल्यासारखी गेली. मी त्याला थट्टेशिवाय कधी पाहिलंच नव्हतं. निराळाच माणूस वाटला.

“नाही,” म्हणाला.

“काहीच नाही?”

“मी मागितलं तर तुला नाही म्हणता येणार नाही, कोंदे.”

“मग?”

“मग म्हणूनच.”

आणि टोपी सारखी करून निघून गेला. हे काय उत्तर झालं? वयाबरोबर माणसाला बोलायची रीत यावी, याची होती तीही गेली.

झगा अंगात घालून पाहिला. नीट बसतो.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

नमाजानंतर हाजा नानकोरिया आली. निरोप द्यायला आली असावी असं वाटलं. बसली आणि नामोरीचा उद्धार करायला लागली.

“तीन वेळा कोला घेऊन गेलो त्या हट्टी गाढवाकडे. मी गेले, इमामसाहेबांची बायको गेली, जुळ्यांची आजी गेली. म्हटलं, तू एक शब्द टाक, बाई राहतील, त्यांना नाही म्हणताच येणार नाही. तीनही वेळा कोला परत केले. तोंडाला कुलूप!”

“काय म्हणाले?”

“म्हणतो कसा, ‘हाजा, सप्टेंबरात पडद्याआड तुझ्याबरोबर कोण गेलं होतं?’ म्हटलं, कुणी नाही, एकटीच गेले, नियमच तसा. तर म्हणे, ‘मग झालं तर.’ आता मला सांग, विचारलं काय, बोलतो काय!”

मीही म्हटलं, खरंच, काहीतरीच. हाजा कपाळावर हात मारून गेली.

पेटी बांधून झाली आहे. सकाळी हमाल येईल. या माणसाचा राग यायला हवा. येत नाही, आणि न येण्याचं कारण सापडत नाही.

२९ नोव्हेंबर

मी इथे आहे.

नीट लिहायला हवं. पेटी सकाळीच सामानाच्या डब्यात चढली. मादामनी खिडकीजवळची जागा धरून ठेवली होती. मी नवा झगा घातला होता. स्टेशनच्या कुंपणाबाहेर गावातल्या बायका उभ्या होत्या, हाजा पुढे, फान्ता मागे. एकीने हाक मारली नाही. एकीने डोळ्याला पदर लावला नाही. कुणी म्हणालं असतं “बाई, जाऊ नका,” तर मी नक्की गेले असते. मला आग्रह केलेला आवडत नाही. कुणी रडलं असतं तर रडणाऱ्यांना दटावलं असतं आणि दटावता दटावता गाडीत बसले असते.

पण कुणी काहीच म्हणालं नाही. पायरीवर एक पाय ठेवून उभी राहिले, आणि माझं मलाच विचारावं लागलं. असं याआधी मला कुणी विचारलेलं आठवत नाही. डाकारला पाठवलं वडिलांनी, इथे नेमलं सरकारने, लग्न लावलं काकांनी.

पाय खाली घेतला.

मादाम खिडकीतून वाकल्या. “माकूरा, वेडी आहेस का? साराँचं काय? आणि इथे औषध नाही, डॉक्टर नाही, तुमच्या एकट्यांच्याने होणार नाही गं हे!” त्या रागाने बोलत नव्हत्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. त्यांच्याकडून मी पुष्कळ शिकले, ते बोलून दाखवायला वेळ उरला नव्हता. “बघू,” एवढंच म्हटलं. त्यांनी हात पुढे केला, मी तो दोन्ही हातांत धरला, आणि गाडी हलली. माझी पेटी गेली त्यात.

कुंपणाशी आले तर सगळ्या बायका एकदम बोलायला लागल्या. म्हटलं, बाजार भरलाय का? आणि तडक शिंप्याच्या दुकानाकडे निघाले.

नामोरी स्टेशनवर आला नव्हता. दुकानाची फळी अर्धी लावलेली. आत यंत्राशी बसला होता, पाय पायट्यावर, पण यंत्र बंद. मला पाहिलं आणि जागचा उठलाच नाही.

मी म्हटलं, “अरे ए त्राओरे! तुमच्या सात पिढ्यांत कुणी धड शिवण घातली होती का रे? काखेत ओढतोय हा झगा. असल्या शिंप्याला आमच्या घरी बकऱ्या राखायलासुद्धा ठेवला नसता!”

तो तोंडावर हात दाबून हसायला लागला, आणि हसता हसता डोळे पुसायला लागला. मला काय करावं ते सुचेना, म्हणून कामाचं बोलले. “हे बघ. माझी पेटी गाडीतून गेली. मला नेसायला दुसरं काही नाही. तू डाकारला जायचंस, ती पेटी आणायचीस, आणि गेलाच आहेस तर साराँ कशी आहे तेही बघून यायचंस.”

“डाकारला? अगं, मी आयुष्यात मिलो नदी ओलांडली नाही! मला लॉरी लागते, कोंदे!”

“मी मनापासून मागते आहे.”

झालं. आता त्याला नाही म्हणता येत नाही. फारच सोयीची चाल आहे ही. मी उगाच इतकी वर्षं वाया घालवली.

२१ डिसेंबर

धुळीचे वारे सुरू झाले. सगळं अंगण पिवळं. नामोरी जाऊन तीन आठवडे होत आले आणि मी रोज लॉरीच्या आवाजाला बाहेर येते. पेटीत हिवाळ्याची शाल आहे, म्हणून.

आज दुपारी लॉरी आली. चालकाशेजारच्या जागेवर साराँ. एवढं पोट. मागे पोत्यांवर नामोरी, धुळीने नखशिखान्त पिवळा, लॉरी लागून चेहरा उतरलेला.

मी आधी सगळ्यांना झाडलं. चालकाला झाडलं, साराँला झाडलं, नामोरीला तर उभं राहायची ताकद नव्हती तरी झाडलं. “अवघडलेल्या पोरीला या खड्ड्यांतून आणायची अक्कल कुणाची?”

“मी काही म्हटलं नाही! विचार हिला!” नामोरी म्हणाला. “मी नुसतं सांगितलं, आई राहिली. हीच म्हणाली, लॉरीत जागा आहे का?”

साराँ म्हणाली, “पहिलं बाळंतपण माहेरीच व्हायचं असतं ना गं आई? मग तू कशाला यायचीस, मीच आले.”

मी तिला आत नेलं, नळकांडं लावलं, ठोके ऐकले. दणदणीत. मग बराच वेळ तसाच कान लावून बसले. ती म्हणाली, “आई, झालं का ऐकून?” म्हटलं, गप्प राहा, मोजते आहे.

पेटी विसरला तो. डाकारलाच राहिली.

११ जानेवारी १९५९

सकाळी साराँच्या कळा सुरू झाल्या. मी कोपरापर्यंत हात धुतले आणि दाराशी गेले, तर फान्ता दारात आडवी.

“बाई, तुम्ही बाहेर बसा.”

“काय म्हणालीस?”

“तुमचे हात बघा.”

पाहिले. धुतलेले हात मी झग्याला पुसत होते. मी!

“आज तुम्ही आई आहात. लेकीच्या कळांना आईचा हात लागू नये, आमच्या आज्या सांगत आल्या. आत मी आहे, जुळ्यांची आजी आहे, पाणी उकळलंय.”

“तुला शिकवलं कुणी?”

“तुम्हीच. म्हणून तर म्हणते, बसा.” आणि तिने दार लावून घेतलं. नव्या कडीने.

भिंतीला लागून एक बाक आहे. त्यावर नवरे बसतात, सासवा बसतात, नखं खातात, मला दर घटकेला विचारतात आणि मी त्यांना गप्प करते. मी त्यावर आजवर कधी बसले नव्हते. फार टणक आहे. नामोरी आधीच तिथे होता. तो सरकला. त्याने गुलाम म्हटलं नाही, चवळी म्हटलं नाही. मला ते सहन होईना. “बोल की रे काहीतरी,” म्हटलं. तो म्हणाला, “माझीही जीभ कोरडी पडलीय.”

आतून साराँ ओरडली. मी उठले. त्याने मला धरलं नाही. मी आपली आपण बसले.

मग फान्ताचा आवाज आला, सावकाश, खणखणीत. “घाई करू नकोस, मूल कुठे पळून जात नाही. हां, आता दम धर. आता.” माझेच शब्द, पण तिच्या गळ्यातून जास्त गोड लागत होते. अंगणात चटईवर बायका भाजी निवडत होत्या, शेगडी पेटलेली, घागर तापलेली. मी त्यांच्याकडे बघत राहिले. त्या रोजच इथे बसत होत्या. ऑक्टोबरपासून. पाळी लावून. आणि मी त्यांना उठवत होते.

“नामोरी, या बायकांना इथे कुणी बसवलं?”

“मला काय ठाऊक? मी शिंपी माणूस.”

मूल रडलं. लगेच, जोरात, रागाने. नामोरी ताडकन उभा राहिला. “काय झालं? मुलगा की मुलगी? अगं, विचार की! दार वाजव!”

मी उठले, दारापाशी गेले, हात वर केला. आत पावलं चालली होती, पाण्याचा आवाज येत होता. फान्ता मूल पुसत असेल, गुंडाळत असेल. मग बाळंतिणीचं बघेल. नातेवाईक शेवटी.

हात खाली घेतला आणि दाराशी उभी राहून थांबले.